आजाराचा दाखला आणि आप्ताचा शब्द



मागच्या व्याख्यानात आम्ही शब्दप्रमाणाबद्दल बोललो होतो. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं ते खरोखर ज्ञान म्हणायचं का, असा तो प्रश्न होता. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक गृहस्थ भेटले. भोसरीला त्यांचा लहानसा कारखाना आहे, साठ-सत्तर माणसं असतील. ते म्हणाले, "सर, तुमचं न्यायदर्शन ठीक आहे. पण माझ्याकडे एक ऑपरेटर आहे. महिन्यातून एकदा, बहुतेक सोमवारी, सकाळी फोन करतो की पोट बिघडलंय, येत नाही. मंगळवारी हजर. डॉक्टरचा दाखला नाही. मी त्या दिवसाचा पगार द्यायचा की कापायचा? तुमचं शब्दप्रमाण यावर काय म्हणतं?"

आम्ही तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न आम्ही मागच्या तासाभरात घेतलेल्या सगळ्या उदाहरणांपेक्षा चांगला आहे. शिवाय या प्रश्नाचं एक उत्तर आम्ही स्वतः आयुष्यात एकदा दिलेलं आहे, आणि ते चुकलेलं आहे. ते पुढे सांगतो. आजचं व्याख्यान या गृहस्थांच्या त्या ऑपरेटरवर.

पहिल्यांदा रूढ उत्तर घेऊ. कुठल्याही कचेरीत विचारा, ते म्हणतील : दाखला आणायला सांगा. हे उत्तर सोयीचं आहे, कारण त्यात कुणी कुणाला खोटं म्हणत नाही. "माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण नियम आहे." निर्णय तिसऱ्यावर, म्हणजे डॉक्टरवर सोपवला की साहेब मोकळे. आमची टीका या मोकळं होण्यावर आहे. दाखला मागितल्याने आपल्याला काही नवीन कळतं का, एवढंच तपासून बघू.

समजा रविवारी रात्री एका माणसाला जुलाब सुरू झाले. सोमवारी तो घरी पडून राहिला. मीठ-साखरेचं पाणी, मऊ भात, झोप. मंगळवारी बरं वाटलं. आता दाखला हवा, म्हणून तो मंगळवारी संध्याकाळी गल्लीतल्या डॉक्टरांकडे जातो. डॉक्टर नाडी बघतात, पोट दाबतात. ताप नाही, काही नाही. मग विचारतात, काय होत होतं? तो सांगतो. डॉक्टर लिहितात : अमुक इसम अमुक तारखेला तीव्र आंत्रशोथाने आजारी होता, त्यास विश्रांतीचा सल्ला दिला होता, आता तो कामावर रुजू होण्यास योग्य आहे. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

यात डॉक्टरांनी पाहिलेलं काय? एक बरा झालेला माणूस. बाकीचं सगळं त्या माणसाच्या तोंडून आलेलं. म्हणजे सोमवारी सकाळी जो शब्द फोनवरून साहेबांकडे फुकट आला होता, तोच शब्द मंगळवारी कागदावर बसून, डॉक्टरची फी भरून, पुन्हा साहेबांच्या टेबलावर आला. साहेबांना तो प्रत्यक्ष प्रमाणासारखा दिसतो, कारण मध्ये स्टेथोस्कोप आहे. पण आहे तो शब्दच, आणि तोही ऐकीव.

कुणी म्हणेल, मग त्याने सोमवारीच जायला हवं होतं. जरूर. पण जुलाब होत असलेल्या माणसाला, अर्धशिशीने डोकं फुटत असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती अंधारात आडवं पडण्याची. त्याला आपण उठवून, रिक्षात बसवून, खोकणाऱ्या दहा जणांमध्ये तासभर बाकावर बसवतो. कशासाठी? औषधासाठी नाही, कागदासाठी. टॅल्कट पार्सन्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये रुग्णाच्या भूमिकेचं एक विश्लेषण मांडलं. आजारी माणसाला रोजच्या कर्तव्यांतून सूट मिळते, पण त्या बदल्यात त्याने बरं व्हायची इच्छा धरली पाहिजे आणि तज्ज्ञाची मदत घेतली पाहिजे. मोठ्या आजाराला हे चपखल बसतं. पण एक-दोन दिवसांच्या दुखण्याला तज्ज्ञाची मदत लागतच नाही, हे आपली आजीसुद्धा सांगत होती. तिथे ती अट उरते फक्त हजेरीपुस्तकासाठी.

डॉक्टरांचीही बाजू आहे बरं का. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचे २००२ चे जे विनियम आहेत, त्यांनुसार डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंदवहीत नोंद ठेवायची, प्रत ठेवायची, रुग्णाची ओळखखूण लिहायची. खोटा दाखला देणं हे गैरवर्तन. म्हणजे आपण त्या डॉक्टरला म्हणतो, जे तू पाहिलं नाहीस त्यावर सही कर, आणि ते खोटं निघालं तर जबाबदार तू. प्रामाणिक डॉक्टर अशा वेळी "रुग्णाच्या सांगण्यानुसार" असं लिहितो, आणि मग ऑफिसातला लिपिक तो कागद परत करतो की असं चालत नाही!

आता मागच्या वेळचा धागा. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा असेल तर. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक, म्हणजे ज्याच्या शब्दावर आपण सहसा विसंबत नाही असा माणूस. (हशा) पण वात्स्यायनाने केलेला अर्थ निराळा आहे. त्याच्या म्हणण्यात दोन गोष्टी येतात. त्या माणसाला विषय साक्षात माहीत असला पाहिजे, आणि जसा माहीत आहे तसाच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. आप्तपणाला जात, पद, पदवी लागत नाही. आम्हाला हे वाक्य शिकवताना नेहमी आवडायचं. त्याचा आमच्याशी काही संबंध आहे हे मात्र फार उशिरा कळलं.

या दोन अटी ऑपरेटरला लावून बघा. पोट दुखतंय हे साक्षात कुणाला माहीत? त्यालाच. डॉक्टरला नाही, साहेबाला नाही. (विट्गेन्स्टाइनची पेटीतल्या भुंग्याची गोष्ट काही जणांच्या ओठावर आली असेल, ती पेटी आज उघडत नाही, नाहीतर रात्र होईल.) म्हणजे पहिल्या अटीत तो शंभर टक्के पास. आपली शंका असते दुसऱ्या अटीबद्दल : हा खरं सांगतोय का? आणि नेमकं याच बाबतीत डॉक्टरला काही माहीत नसतं. माणूस खरा की लबाड हे सांगू शकेल कोण? जो त्याच्याबरोबर पाच वर्षं काम करतो तो सुपरवायझर. शेजारच्या मशीनवरचा माणूस. जिथे शंका नाही तिथलं उत्तर आपण दाखल्यातून मिळवतो, आणि जिथे शंका आहे तिथे दाखला गप्प.

आता आमची गोष्ट.

१९९५ च्या सुमारास आम्ही एका जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयात उपप्राचार्य होतो. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांच्या रजा आमच्या सहीने मंजूर होत. तिथे एक लिपिक बाई होत्या. काम चोख, अक्षर सुंदर. पण दर महिन्याला एक दिवस दांडी. अर्जावर एकच शब्द, "पोटदुखी". नैमित्तिक रजा वर्षाला आठ, आणि महिने बारा. तेव्हा वर्ष संपता संपता त्यांची पंचाईत व्हायची आणि अर्जित रजेतून एकेक दिवस कापायची विनंती यायची. आम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यात कार्यालय शिस्तीत आणायच्या उत्साहात. आम्ही शेरा मारला : यापुढे आजारपणाच्या प्रत्येक रजेसोबत वैद्यकीय दाखला जोडावा.

बाई केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, "सर, दाखल्यावर काय लिहून आणू?"

आम्हाला तो उद्धटपणा वाटला. आम्ही म्हणालो, "डॉक्टर लिहितील ते."

पुढच्या महिन्यात दाखला आला. आंत्रशोथ, तीन दिवस विश्रांती. त्यानंतरच्या महिन्यात पुन्हा तसाच, तीन दिवस. बघा, आमच्या शेऱ्याने काय साधलं. आधी एक दिवसाची रजा होती आणि कारण खरं होतं. आता तीन दिवसांची रजा झाली आणि कारण खोटं झालं. पण फाईल पूर्ण होती, आमचं समाधान झालं. मग दाखले यायचे बंद झाले. बाई रोज येऊ लागल्या. आम्ही हा शिस्तीचा विजय समजलो, आणि प्राचार्यांना तसं सांगितलंही.

काही महिन्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जांची यादी चुकली. दोन मुलांची नावं यादीत चढलीच नाहीत, आणि त्यांचे पैसे वर्षभर अडकले. त्यातल्या एकाचे वडील ऊसतोड कामगार होते. तो मुलगा त्या वर्षी वसतिगृह सोडून गावाहून येऊन-जाऊन शिकला. आम्ही बाईंना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांनी लेखी उत्तर दिलं : त्या दिवशी प्रकृती ठीक नव्हती. त्यावर आम्ही लाल शाईने लिहिलं : मग रजा का घेतली नाही?

तो कागद घेऊन आमच्या एक सहकारी प्राध्यापिका आमच्याकडे आल्या. दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, बाईमाणसाचं महिन्याच्या महिन्याला पोट कशाने दुखतं, हे तुम्हाला खरंच कळलं नाही?"

नव्हतं कळलं. घरात पत्नी होती, मुलगी होती, बहिणी होत्या, आणि नव्हतं कळलं. बाई त्या दिवशी कपाटाआड गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून यादी करत बसल्या होत्या. आम्ही नोटीस मागे घेतली, शेराही मागे घेतला. दोन मुलांचे पैसे मात्र आम्हाला मागे आणता आले नाहीत.

बिहार सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली ती १९९२ मध्ये. म्हणजे आम्ही तो शेरा मारत होतो तेव्हा देशातल्या एका राज्यात या प्रश्नाचं एक उत्तर आधीच दिलेलं होतं. आम्हाला त्याची गंधवार्ता नव्हती.

पुढे एकदा व्यवस्थापनशास्त्राची पुस्तकं चाळताना आम्हाला समजलं की आम्ही मनातल्या मनात जो हिशेब करत होतो त्याला एक नाव आहे. त्याला ब्रॅडफर्ड फॅक्टर म्हणतात. इंग्लंडातल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाशी हे नाव जोडलं जातं आणि तिकडच्या कितीतरी आस्थापनांत ते वापरतात. सूत्र सोपं आहे. वर्षात किती वेळा गैरहजर, त्या संख्येचा वर्ग करा; त्याला एकूण गैरहजर दिवसांनी गुणा. कल्पना अशी की एकदाच दीर्घ आजारी पडणाऱ्यापेक्षा वारंवार एकेक दिवस न येणारा माणूस कामाची घडी जास्त विस्कटतो. ते काही प्रमाणात खरंही आहे. ऐन वेळी माणूस नसला की मशीन बंद राहतं, हे भोसरीच्या गृहस्थांना आम्ही सांगायला नको.

पण आकडे मांडून बघा. आमच्या बाई : वर्षात बारा वेळा, प्रत्येक वेळी एक दिवस. बाराचा वर्ग १४४, गुणिले १२, म्हणजे १७२८. आता दुसरा एक गृहस्थ घ्या. त्याने सलग बारा दिवसांचा विषमज्वराचा दाखला कुठूनतरी मिळवला आणि तो गोव्याला जाऊन आला. एकाचा वर्ग एक, गुणिले १२, म्हणजे १२. खोटं बोलणाऱ्याला १२ आणि खरं सांगणारीला १७२८. सूत्र हिशेबात चुकत नाही. विस्कळीतपणा मोजायला ते निघालं, आणि वापरणारे त्याने माणसाची नियत मोजू लागले, ही खरी गडबड आहे. अर्धशिशी, दमा, पाळीचं दुखणं, सांधेदुखीचे अधूनमधून येणारे झटके ही सगळी दुखणी स्वभावानेच थोडी-थोडी आणि पुन्हा-पुन्हा येणारी. वर्ग करायची युक्ती नेमकी त्यांच्यावरच पडते.

गंमत अशी की त्याच इंग्लंडात १९८२ पासून पहिल्या आठवडाभराच्या आजाराला डॉक्टरचा कागद लागत नाही. सात दिवसांपर्यंत कामगाराने स्वतः लिहून दिलं की पुरे. हे शहाणपणाचं आहे. एका हाताने शब्दावर विश्वास टाकला आणि दुसऱ्या हाताने त्या शब्दांचा वर्ग करायला घेतला, असं मात्र तिथे अनेक ठिकाणी होतं. जर्मनीत आजार तीन दिवसांहून लांबला तर दाखला लागतो, पण मालकाला तो आधीही मागण्याची मुभा कायद्यानेच ठेवली आहे.

आपल्याकडे काय? कामगार राज्य विमा योजनेत, म्हणजे ज्याला सगळे ईएसआय म्हणतात तिथे, आजारपणाचा भत्ता मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पण त्याला योजनेच्या डॉक्टरचा दाखला लागतो आणि आजारपणाचे पहिले दोन दिवस भत्ता मिळत नाही. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात तर ती अट सुटते, एवढंच. म्हणजे महिना २१,००० रुपयांच्या आतला जो कामगार या योजनेत येतो, त्याच्या एक-दोन दिवसांच्या तापाची जबाबदारी योजना घेतच नाही. तो भार मालकाच्या मर्जीवर आणि नैमित्तिक रजेवर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आहे. ताप त्यातच, आईला दवाखान्यात न्यायचं त्यातच, मुलाचा शाळाप्रवेश त्यातच, आणि गावाकडचं तेरावंही त्यातच.

इथे आम्ही भोसरीच्या गृहस्थांच्या बाजूने थोडं बोलतो, कारण माणसं खोटं बोलतात हे खरं आहे. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दिवशी किती पोटं बिघडतात! पेरणीला, लग्नसराईत, गौरी-गणपतीला साथ येते. पण या खोट्याकडे नीट बघा. बहिणीच्या लग्नाची बोलणी आहेत, सकाळची एसटी चुकली, रात्री बाप दारू पिऊन आला आणि झोप झाली नाही : ही कारणं सांगितली तर रजा मिळत नाही, वर टोमणा मिळतो. "आजारी आहे" हा एकच शब्द असा आहे की ज्यापुढे साहेब जरा थबकतो. मग सगळी कारणं त्या एका शब्दात शिरतात. वात्स्यायनाची दुसरी अट आठवा, जसं आहे तसं सांगण्याची इच्छा. ही इच्छा फक्त माणसाच्या चारित्र्यातून येते असं समजायची आपल्याला सवय आहे. खरं सांगितल्यावर पुढे काय होतं, हे बघून ती इच्छा वाढते किंवा मरते. आमच्या बाई आधी आप्तच होत्या. त्यांच्याकडून खोटा दाखला आम्ही आणवला.

आणि दाखला मागतात कुणाला? मॅनेजर सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, आज बरं नाही, घरून बघतो. त्याला कुणी कागद मागत नाही. हेल्परला मागतात. कंत्राटी सफाई कामगाराला तर मागतही नाहीत, सरळ खाडा मांडतात. तासिका तत्त्वावर शिकवणारे आमचे तरुण मित्र अंगात ताप घेऊन वर्गात उभे राहतात, कारण तास नाही तर पैसे नाहीत. मिरांडा फ्रिकर या विदुषीने २००७ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की पूर्वग्रहामुळे काही माणसांच्या शब्दाला मुळातच कमी किंमत दिली जाते, आणि हा त्यांच्यावर ज्ञाता म्हणून झालेला अन्याय असतो. आम्हाला त्यात एक भर घालावीशी वाटते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात पूर्वग्रह नसला तरी नियमातूनही हा अन्याय होतो, कारण नियम कुणावर लावायचा हे खुर्ची ठरवते.

मग त्या ऑपरेटरचं काय करायचं? गृहस्थ आज समोर बसलेच आहेत. आमच्या मते त्या सोमवारचा पगार द्यावा. पहिल्या तीन दिवसांपर्यंत माणसाने स्वतः लिहून दिलेल्या दोन ओळी पुरेशा मानाव्यात, आणि तो नियम स्वतःला आणि मॅनेजरलाही लावावा. त्यात आजाराचं नाव लिहायची सक्ती नको. स्वयंपाकघरात, अन्न हाताळण्याच्या कामावर जुलाबानंतर परत येणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरला खरोखर काहीतरी तपासता येतं, तेव्हा तिथे दाखला मागणं योग्यच, पण त्याची फी मालकाने भरावी. आठवडाभराच्या पुढे आजार गेला तरी तसंच. आणि एखादा खोटं बोलतोय असा पुरावाच असेल, तर त्याच्यावर खोटं बोलण्याबद्दल कारवाई करावी. त्याच्यासाठी साठ जणांना दवाखान्यात पाठवू नये.

वारंवारितेची नोंद ठेवूच नये असं आम्ही म्हणत नाही. जरूर ठेवा. पण दर सोमवारी पोट बिघडतं हे दिसल्यावर त्या आकड्याने नोटीस काढू नका. त्या माणसाला बसवून चहा द्या आणि विचारा. कदाचित रविवारची दारू निघेल. कदाचित रविवारी रात्री तो दुसरीकडे वॉचमनची पाळी करत असेल, कारण तुमच्या पगारात भागत नसेल. कदाचित खरंच आतड्याचा काही जुना विकार असेल आणि सोमवार हा योगायोग असेल. तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत, आणि तिन्ही वेळा दाखल्यावर मात्र एकच शब्द आला असता, आंत्रशोथ.

त्या दिवशी चहाच्या वेळी आम्ही गृहस्थांना एवढं विचारलं होतं की तुम्ही त्याच्याशी बोललात का. ते म्हणाले, "नाही सर, एचआरने त्याला मेल केला आहे." ऑपरेटर मेल वाचतो का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. आता त्यांनी हात वर केलेला दिसतोय. माइक त्यांच्याकडे द्या.